चपलेचा बेडूक

छावणीतल्या त्या घरात राहायला गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या डाव्या चपलेची टाच गेली. झिजली नाही, गेली. टाचेतून वाटीच्या बुडाएवढा गोल तुकडा कुणीतरी धारदार पात्यानं कापून नेला होता, आणि कडा इतक्या सफाईदार होत्या की उंदरावर आळ घ्यायचीही सोय नव्हती. चप्पल हातात धरून मी जिना उतरले. खाली ओट्यावर घरमालक बसले होते. मांडीवर फडकं, फडक्यावर कात्री, पक्कड, सुई-दोरा, आणि या सगळ्याच्या मधोमध माझ्या चपलेच्या निळ्या रबरातून कोरलेला एक बेडूक.

"निळा रंग मरळ माशाला ढगाळ दिवशी लांबून दिसतो," ते मान वर न करता म्हणाले. "तुमची चप्पल लई चांगली निघाली, मॅडम. आमच्या हिची निस्ती भुसभुशीत."

बँकेत मी दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेते. त्यामुळे स्वतःवर तक्रार करायची वेळ आली की मला शब्दच सापडत नाहीत. शिवाय त्यांच्या बोलण्यात असा काही कौतुकाचा सूर होता की चप्पल मीच हातानं घडवली असावी असं वाटून गेलं. मी 'असं का' म्हणाले आणि एक पाय उंच, एक पाय सखल अशी वर निघून गेले. संध्याकाळी घरमालकीण काकू वर आल्या आणि चपला खोलीच्या आत ठेवत जा म्हणाल्या. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी सांगितलं की भाडेकरू येत नाही.

काका एसटीच्या वर्कशॉपात होते. तिथं ते गाड्यांच्या सीटांना रेक्झिन चढवायचे. निम्म्या मराठवाड्याची बूडं आपल्या टाक्यांवर बसून लग्नाला-मयताला गेली, असं ते अभिमानानं सांगत. रिटायर झाल्यावर सीटा सुटल्या, पण हात सुटला नाही. चपलेच्या रबरातून ते बेडूक कोरत, त्याला हिरव्या रेक्झिनच्या पट्ट्यांचे मागचे पाय शिवत, आणि पाठीवरून दोन गळ असे वर काढत की पाणवेलीत अडकू नयेत, पण मरळीनं तोंड मिटलं की नेमके टाळूत शिरावेत. बाजारात रबराचे आयते बेडूक मिळतात, डोळेबिळे रंगवलेले. गळ टाकणाऱ्यांच्या मंडळातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना तसा एक भेट दिला होता. काकांनी तो उलटापालटा करून बघितला आणि सभ्यपणे परत केला.

"दुकानातला बेडूक कुणाच्या पायात राहिलेला नाय," ते मला नंतर म्हणाले. "त्याला चालीची सवयच नाय. पाण्यात कसा चालंल तो?"

ही त्यांची पक्की श्रद्धा होती. ज्याच्या चपलेचा बेडूक, त्याची चाल बेडकाला येते. म्हणून ते रस्त्यानं माणसांचे चेहरे बघत नसत, पाय बघत. घाईघाईनं टाच आपटत चालणाऱ्याची चप्पल त्यांना बिनकामाची वाटे. माझी चाल, त्यांच्या मते, 'थांबत थांबत, पण सरळ' होती आणि मरळीला तीच आवडते. माझ्या लग्नासाठी जी स्थळं येऊन गेली त्यांतल्या कुणी माझ्याबद्दल इतकं नेमकं बोललेलं मला आठवत नाही. एकदा आमचे शाखाधिकारी चहाला आले. त्यांचे बूट दाराशी बघून माझा जीव वरखाली होत होता, पण बुटांना कुणी हात लावला नाही. कातडं पाण्यात बुडतं, असं काकांनी ते गेल्यावर तुच्छतेनं सांगितलं.

मूळचे ते कन्नड तालुक्यातले, शेतकरी घरातले. त्यांचे वडील गाव सोडून छावणीत आले आणि साहेबलोकांच्या मेसमध्ये वाढप्याचं काम करू लागले. तिथल्या कुणा मासेवेड्या साहेबानं वडलांना पत्र्याचा चकाकता चमचा पाण्यात फेकून, ओढून मासा कसा चिडवायचा ते शिकवलं. वडलांकडून काकांना वारसा आला तो एक बांबूची काठी आणि एक सिद्धांत. काठी मोडली. सिद्धांत मात्र दिवसेंदिवस बळकट होत गेला.

"मासे दोनच जातीचे. शिकारी आन् भिकारी."

शिकारी म्हणजे मरळ. ती वेलीखाली दबा धरून बसते, जिवंत हललेलं दिसलं तरच झडप घालते. भिकारी म्हणजे रोहू, कटला, मृगळ, चिलापी. कुणी कणकेची गोळी टाकली की हे आपले तोंड उघडून हजर. आणि जसा मासा तसा माणूस, हे ते मोठ्यानं म्हणत नसत, पण कणकेच्या गळाला मासा लावणाऱ्या माणसाकडे अशा नजरेनं बघत की त्याला ते ऐकू यावं.

आता हे सगळं ते घरात म्हणत राहिले असते तर बिघडलं नसतं. पण आमच्या शहरात हौसेनं गळ टाकणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यात वाळूजच्या कारखान्यातले फिटर आहेत, प्राध्यापक आहेत, छावणीच्या बाजारातले दुकानदार आहेत, शेळ्या राखता राखता गळ टाकणारे दोन भाऊ आहेत. रविवार आला की ही मंडळी कन्नडच्या रस्त्यावरच्या एका तलावावर जातात. तलावाच्या काठावर एक बाभूळ आहे. बाभळीच्या उगवतीला बेडूकवाले बसतात, मावळतीला कणीकवाले. ही रेघ कुणी मारली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती ओलांडून कुणी गळ टाकलेला मी पाहिला नव्हता. दोन्हीकडचे चहाचे थर्मास वेगळे. मोबाइलवरचे ग्रुपही दोन, आणि दोन्हीकडच्या भानगडी मिटवायला तिसरा. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त भांडणं होत.

कणीकवाल्यांचे पुढारी होते युसूफभाई. छावणीच्या बाजारात त्यांची भट्टी. तिथून पहाटे निघणाऱ्या नानचा वास आमच्या गल्लीपर्यंत यायचा. दिवसभर मणभर कणीक तिंबणारा माणूस, त्याच्या गळाच्या कणकेला काय तोड असणार? भाजलेली शेंगदाण्याची पेंड, मेथीची पूड, काळा गूळ, आणि शिवाय एक असं काहीतरी, जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती कणीक विटेला चिकटवली असती तर विटेसकट काढावी लागली असती. युसूफभाई आणि काका एका शाळेतले, एका बाकावरचे. भाजी, औषधं, नातवंडांचे दाखले, सगळीकडे दोघं जोडीनं जात. तलावावरही युसूफभाईंच्या नान पोचवायच्या व्हॅनमधूनच सगळे जात, मांडीला मांडी लावून. फक्त तिथं उतरलं की दोघं एकमेकांना ओळखत नसत.

युसूफभाईंचं उत्तर साधं होतं. ते म्हणत, आम्ही माशाला निदान खरंखुरं खायला घालतो. तुम्ही चप्पल दाखवून फसवता, आणि वर भिकारी आम्हाला म्हणता. यावर काकांकडे बिनतोड जबाब नव्हता, म्हणून ते मरळ सोडून द्यायचे. वजन झालं की ओल्या पोत्यात गुंडाळून पाण्याकडे न्यायचे, तोंड खोल पाण्याकडे करून धरायचे, आणि ती शेपटी हलवून गेली की हात जोडायचे. लढून हरलेल्याला खायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. कणीकवाल्यांना हे ढोंग वाटे. खायचा नाही तर धरला कशाला, जीव काय खेळणं आहे का, असं ते विचारत, आणि मला विचाराल तर त्यांचंही चुकत नव्हतं.

यात काकूंचा काय तो छळ होता. जन्मभर मासे धरणाऱ्या माणसाची ही बायको मासे बाजारातून विकत आणायची. कोळीण ओळखीची झाली होती. ती दर वेळी विचारायची, मालक आज नाय गेले का पाण्यावर? काकू म्हणायच्या, गेलेत की, म्हणून तर आले.

मी या मंडळात शिरले ती पंच म्हणून. दरवर्षी थंडी सरता सरता मंडळाची स्पर्धा असते. दिवसभरातला सगळ्यात वजनदार मासा ज्याचा, त्याला पितळेची घागर. पण वजनाच्या काट्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास नव्हता. बेडूकवाला काटा धरायला आला की कणीकवाल्यांना त्याचं बोट काट्याला टेकलेलं दिसे, आणि उलट. शेवटी काकांनीच तोड काढली. वर राहणाऱ्या मॅडम मासे खात नाहीत, मासे ओळखतही नाहीत, त्यांना कुणाचं काहीच पडलेलं नाही. इतकी नालायक व्यक्ती मिळणं कठीण, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. पाटीवर मध्ये उभी रेघ मारून एका बाजूला 'बेडूक', दुसऱ्या बाजूला 'कणीक' लिहायचं आणि काट्याचे आकडे मांडायचे, एवढं माझं काम. मी ते इमानेइतबारे करू लागले. मला आवडायलाही लागलं, आणि स्पर्धा नसलेल्या रविवारीही मी जाऊ लागले. सकाळचं ऊन, बाभळीखालची चटई, दोन्हीकडून येणारा वेगवेगळा चहा. पंचाला दोन्हीकडचा चहा प्यावाच लागे, नाहीतर पक्षपात ठरायचा.

तिथं काकांना बघणं हा एक वेगळाच आनंद होता. घरात दाराची कडी शोधणारा माणूस पाण्यावर गेला की ताठ व्हायचा. काठी मागं, मग खांद्यातून एक झटका, आणि माझ्या चपलेचा तुकडा हवेत कमान करून वेलींच्या कडेला, जिथं म्हणतील तिथं, टपकन पडायचा. मग मनगटानं ते त्याला चालवत. दोन उड्या, थांब. एक उडी, थांब. "तुमीच हायसा बगा ती," असं ते मला हळूच दाखवत, आणि खरंच, बँकेत उशीर झालेला असताना कॅशिअरच्या नजरेसमोरून मी अशीच जात असणार असं वाटून मला हसू यायचं. मधेच पाणी फुटायचं, काठी वाकायची, आणि त्यांच्या तोंडून शब्द यायचा तो एकच, तोही आदरानं. "आल्या."

मग त्यांचा खांदा गेला.

आधी त्यांनी ते लपवलं. बेडूक वेलीपर्यंत पोचेना तेव्हा वाऱ्याला दोष दिला. मग दोरी जाड झाली म्हणाले, गळाचा नायलॉनचा तंगूस बदलला. एका रविवारी काठी मागं नेली आणि तशीच खाली ठेवली, आणि चप्पल शोधायचं निमित्त करून व्हॅनमध्ये जाऊन बसले. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आतला स्नायू फाटला आहे, या वयात ऑपरेशनचा आग्रह धरू नये. जेवता येईल, लिहिता येईल, मनगट चालेल. फक्त खांद्यातून झटका द्यायचा नाही. हे ऐकून काका म्हणाले, मग ऱ्हायलं काय?

पुढचे काही महिने घरात एक वेगळाच माणूस होता. बेडूक कोरणं बंद. माझ्या चपला मी मुद्दाम ओट्यावर ठेवायला लागले, नवी जोडी, जाड टाचेची, लाल. आठवडाभर कुणी हात लावला नाही. त्या चपलांकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. काका सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि फोडणीत मोहरी आधी की जिरं, यावर काकूंना सल्ला देत.

"पोरी, ह्यांला पाण्यावर ने," काकू एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या. "घरात बसले तर एक तर ते ऱ्हातील नायतर मी."

न्यायचं कसं, हाच प्रश्न होता. कणकेच्या गळाला खांदा लागत नाही. काठी काठावर टेकवायची, मोरपिसाचं देठ पाण्यावर तरंगत ठेवायचं, आणि ते बुडायची वाट बघत बसायचं. तलावावर जायचं तर काकांना बाभळीच्या मावळतीला बसणं भाग होतं. हे युसूफभाईंनी एके दिवशी घरी येऊन, नान पुढ्यात ठेवून, शक्य तितक्या हळुवारपणे सुचवलं. कायकू घरात बसला रे तू, मेरे बाजू में बैठ, कणीक मी मळून देतो, तू निस्तं बघ, असं म्हणाले.

काकांनी नानचा तुकडा तोडला, खाल्ला, पाणी प्यायले.

"तुझ्या हातचं नान मी मरेपर्यंत खाईन, युसूफ," ते म्हणाले. "पण तुझी कणीक मी पाण्यात टाकली तर बाप वरून बघंल माझा."

युसूफभाई उठून गेले. त्यांना राग आला नव्हता, पण डोळे भरले होते हे मी जिन्यातून पाहिलं.

स्पर्धेचा दिवस आला. काका येणार नसतील तर मीही पंच म्हणून येणार नाही, असं मी दोन्ही ग्रुपांवर लिहून टाकलं. दोन्हीकडून इतके फोन आले की काका कंटाळून तयार झाले. बघायला येतो, म्हणाले, गळाला हात लावणार नाय. तरी निघताना त्यांनी आपली नेहमीची काठी घेतली आणि शर्टाच्या खिशात निळा बेडूक टाकला, तो माझ्या पहिल्या चपलेचा. मरळींच्या दातांनी त्याची पाठ खरवडून गेली होती. तलावावर ते उगवतीला बसले नाहीत आणि मावळतीलाही नाही. बाभळीच्या बुंध्याला पाठ टेकून, बरोबर मधोमध, गोणपाट टाकून बसले. काठी मांडीवर आडवी.

ऊन वर आलं. कणीकवाल्यांनी रोहू काढले, बेडूकवाल्यांनी बऱ्यापैकी दोन मरळी. मी काटा धरत होते, पाटीवर आकडे लिहीत होते, पण माझं लक्ष बाभळीकडेच. तेवढ्यात युसूफभाई आपल्या मांडून ठेवलेल्या काठ्या सोडून उठले, हात पायजम्याला पुसत बाभळीपाशी आले आणि काकांच्या मांडीवरची काठी उचलून, काकांच्या खिशातला बेडूक काढून त्यांनी तो दोरीला बांधला.

"फेकतो मी. ओढ तू," ते म्हणाले. "कहाँ फेकू, बोल."

दोन्ही बाजूंचे लोक वळून बघायला लागले. कणीकवाल्यांचा पुढारी, आणि हातात चपलेचा बेडूक. मावळतीच्या बाजूनं कुणीतरी 'भाई, ये क्या' असं पुटपुटलं, पण भाईंनी तिकडं बघितलं नाही. काकांनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग हात लांब करून एक जागा दाखवली.

युसूफभाईंच्या दंडात कणीक तिंबण्याचं बळ होतं, पण बेडूक फेकण्याची अक्कल नव्हती. पहिल्या फेकीत बेडूक बाभळीत गेला. तो काढायला शेळ्या राखणाऱ्या भावाला झाडावर चढावं लागलं. दुसऱ्या फेकीत प्राध्यापकांच्या टोपीवरून गेला. काका चिडले, आणि मला बरं वाटलं, कारण कित्येक महिन्यांत ते फोडणी सोडून दुसऱ्या कशावर चिडले नव्हते. अरे नान नाय थापायचं भट्टीत, झटका दे, असं ते ओरडत होते. शेवटी एकदाचा बेडूक वेलींच्या जरा अलीकडे, उघड्या पाण्यात पडला. युसूफभाईंनी काठी काकांच्या हातात दिली आणि तिची मूठ स्वतःच्या पोटाला टेकवून आधार दिला.

इथं काकांनी मनगट हलवायला हवं होतं. पण दोघांचं जुंपलं. काका म्हणत होते, वेलीपाशी फेकायला सांगितलं होतं, उघड्यावर मरळ काय सत्यनारायणाला येती का. युसूफभाई म्हणत होते, खायचं असेल त्याला कुठंही ठेवलं तरी येतो. बेडूक बापडा पाण्यावर नुसता पडून राहिला. हलला नाही, उडी नाही, काही नाही. भांडण रंगात आलं होतं आणि काठी एकदम अशी वाकली की दोघंही एक पाऊल पुढं ओढले गेले.

पुढचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. काठी दोघांनी धरली होती, मनगट काकांचं, बळ युसूफभाईंचं, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापले गळ सोडून बाभळीखाली गोळा झाले होते. मासा खोल गेला, मग काठाकडे आला, मग पुन्हा गेला. "मरळ नाय ही," काका मध्येच म्हणाले, आणि त्यांचा आवाज पडला. मासा वर आला तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. मोठं डोकं, रुंद रुपेरी अंग. कटला होता. मी काट्याला लावला तेव्हा काटा इतका खाली गेला की मला दोन्ही हात लावावे लागले. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा, आणि भिकारी.

कटला बेडकाला तोंड लावत नाही. हे मलाही माहीत झालं होतं. काकांनी गुडघे टेकले, माशाचं तोंड उघडलं, आणि हळूच बेडूक सोडवला. त्यांच्या शेजारी मीच होते. बेडकाच्या पाठीवर, गळांच्या बुडाशी, कणकेची एक गोळी घट्ट बसलेली होती. मी युसूफभाईंकडे बघितलं. त्यांच्या पायजम्याच्या खिशात कणकेचा डबा होता. जन्माची सवय. गळ हातात आला की बोटं आपोआप गोळी लावणार, भाईंना कळलंही नसणार. गोळी अंगठ्यानं काढून पाण्यात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. कटला बेडकावर आला, असं काका मरेपर्यंत सांगू शकले असते, आणि कणीकवाल्यांना खाली मान घालावी लागली असती. काकांचा अंगठा त्या गोळीवर होता. बेडूकवाले वरून विचारत होते, घेतला ना बेडूक, घेतला ना?

काका उठले. बेडूक सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"पंच," ते म्हणाले, "ह्या बेडकाला कणीक हाय. ल्हिवा कणकेत."

मग युसूफभाई पुढं झाले. त्यांनी बेडकाकडे बघितलं, स्वतःच्या बोटांकडे बघितलं, आणि कान धरला.

"मेरी गलती. पण कणीक कशावर होती? बेडकावर. काठी कोणाची, मनगट कोणाचं? बेडकात लिहा, मॅडम."

आणि मग भांडण लागलं. इतकी वर्षं दोघं एकेका माशासाठी भांडत आले होते, पण असं नव्हे. काका मासा कणकेला देऊ बघत होते, युसूफभाई बेडकाला. काका म्हणाले, कणीक नसती तर हा आला नसता. युसूफभाई म्हणाले, बेडूक नसता तर कणीक तळाला गेली असती, तरंगली कशावर? दोघांच्या मागं उभे असलेले लोक गोंधळून गेले होते. आपल्या बाजूनं बोलायचं तर कुणाच्या विरुद्ध बोलायचं तेच त्यांना कळेना. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाटी हातात घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून आकडे नीट दिसत नव्हते. ओढणीच्या टोकानं मी मधली रेघ पुसली आणि वजन लिहिलं.

पंच नालायक असल्याचं दोन्ही पक्षांना त्या दिवशी खऱ्या अर्थानं पटलं. घागर कुणाची यावर तिसऱ्या ग्रुपवर पंधरवडाभर वाद झाला. पुढच्या वर्षी पाटीवर रेघ पुन्हा आली, आणि यायलाच हवी होती, नाहीतर मंडळ चाललं कशावर असतं? घागर मात्र युसूफभाईंच्या भट्टीवर पाणी भरायला आहे आणि रविवारी काकांच्या ओट्यावर असते.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. कटला सोडायचा की खायचा, असं कुणीतरी विचारलं. हा लढला तर खरा, काका म्हणाले, पण आला होता जेवायला. पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत आणि आपणही उपाशी राहत नाहीत. या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण त्यांनी मासा पोत्यात गुंडाळला, आणि व्हॅनमध्ये तो दोघांच्या मांड्यांवर आडवा होता.

काकू दार उघडायला आल्या. त्यांनी पोतं बघितलं, उघडलं, आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग पदर खोचून मासा दोन्ही हातांनी उचलला. एवढा मोठा मासा ठेवायला घरात पातेलंच नव्हतं.

"एवढी वरसं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "आज आणला ह्यांनी घरी मासा."

काका ओट्यावर बसले, आणि डाव्या हातानं चपला काढता काढता त्यांची नजर माझ्या लाल जोडीवर गेली. मी वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या चपलेची टाच नव्हती. दिवसभर बँकेत मी एक पाय उंच, एक सखल अशी मिरवले. त्या टाचेचा जो बेडूक झाला त्याच्या पोटाला खोलगट वाटी होती, कणकेची गोळी बसेल एवढी. मग दोघं बाभळीखालीच बसायला लागले. एक फेकतो, एक ओढतो, आणि उगवतीचे आणि मावळतीचेही त्यांना आपलं मानत नाहीत.

माझी आता बदली झाली आहे. इथं तलाव नाही, ओटा नाही, दुकानं मात्र मोठी आहेत. चपला घ्यायला गेले की मी आधी टाच दाबून बघते, जाड आहे का, तरंगेल का. मग घरी आणते आणि महिनाभर पायात घालते, थांबत थांबत पण सरळ चालते, चाल मुरू देते. आणि मग धुऊन, पुसून, छावणीच्या पत्त्यावर पाठवून देते.